मानेवरचा हिरवा डाग

४ फेब्रुवारी

चि. शेपटास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बापानं काल दुकानातून तीनदा फोन केला, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तुझ्या पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला त्यानं अख्खी गल्ली बोलावली आहे. शेजारचा कुलूपवाला, समोरची औषधवाली आणि गेल्या महिन्याभरात चष्म्यासाठी जो जो दुकानाची पायरी चढला तो प्रत्येक जण. आता त्याला धास्ती लागली आहे, की पोरानं भलतंच काही करून ठेवलं असलं तर तोंड कुठे लपवायचं. त्याला सिनेमातलं ओ की ठो कळत नाही आणि तू त्याला काही सांगत नाहीस. तेव्हा ताईनं, म्हणजे मी, बघावं आणि पास की नापास ते कळवावं, असा हुकूम सुटला. तुला फोनवर सांगितलं की तू हो हो म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून कागद घेतला.

तू पाठवलेली टेप पाहिली. नोकरीत पाहायचे तशीच: आवाज बंद, हातात पेन्सिल. काम करताना मी गोष्ट बघत नाही, वस्तू बघते. हे तुला नव्यानं सांगायला नको. सुट्टी लागली की स्टुडिओत माझ्या स्टुलाला चिकटून असायचास, त्यावरूनच तर शेपूट नाव पडलं. पहिल्या तुकड्यात पेला अर्धा भरलेला, तर चार दिवसांनी घेतलेल्या पुढच्या तुकड्यातही तो अर्धाच हवा, एवढं सांभाळण्यात माझा जन्म गेला. आणि माझ्याच भाच्याच्या चित्रपटात वस्तू आपापल्या मर्जीनं हिंडतात!

दोन पोरं सुट्टीत एका बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावाचे कठडे रंगवतात, इतकं मला दिसलं. आता चुका ऐक. उंच पोराचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मधेच बुटक्याच्या अंगावर जातो. तलाव कोरडा ठणठणीत, पण दोघं बोलत बसले की त्यांच्या मागे घोटाभर पाणी, पुढच्या तुकड्यात गुडघाभर. बुटक्याच्या खोलीचं दार त्याची आई लावून जाते आणि लगेच पुढे ते बोटभर उघडं. आणि सगळ्यांत कहर म्हणजे, कठड्याला हिरवा रंग लावतोय उंच पोरगा आणि डाग पडलाय बुटक्याच्या मानेवर, मागे, केसांच्या खाली. तिथे त्याचा स्वतःचा हातसुद्धा धड पोचायचा नाही. तुझी कंटिन्युइटी बघणारी मुलगी झोपा काढत होती का?

घाबरू मात्र नकोस. तुझा संकलक कात्री हा माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याला परस्पर फोन करून सगळं सांगितलं. प्रत्येक ठिकाणचा बिनचूक टेक त्याच्याकडे निघाला. बाई, आजच बसवून टाकतो, म्हणाला. धाकट्यालाही, म्हणजे तुझ्या बापाला, पास म्हणून कळवून टाकलं आहे.

तुझी काडी झाली आहे असं कानावर आलं. वेळेवर जेवत जा. माझ्याकडे राग आणि माया एकाच डब्यात असतात, तुला हवं ते काढून घे.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो आणि मग कात्रीकाकांकडे धावत सुटलो. काम झालेलं होतं. त्यांना वाटलं, मला विचारूनच तू फोन केलास. त्यांनी मला नवा, बिनचूक चित्रपट दाखवला. दिवे लागल्यावर मला कळेना की मी नक्की काय पाहिलं. दोन पोरं कठडे रंगवतात आणि सुट्टी संपते. बस.

आत्या, त्या चुका नव्हत्या. ती दोन पोरं एकमेकांच्या प्रेमात पडतात. मैत्री नाही, प्रेम. चित्रपटात हे कुणी एका शब्दानंही बोलत नाही, ती पोरं एकदाही एकमेकांचा हात धरत नाहीत, कारण त्या वयात त्यासाठी शब्द नसतात. मला तरी नव्हते. मग जे बोलता येत नाही ते मी वस्तूंना बोलायला लावलं. शर्ट कधी दिला, कसा दिला, हे दाखवलेलंच नाही, फक्त दुसऱ्याच्या अंगावर दिसतो. तलावात पाणी खरं नाहीच. ते दोघं बोलत असले की चढतं, कुणी तिसरं आलं की ओसरतं. दार आई लावते, कारण तिला कळलंय. आणि परत येऊन बोटभर उघडते, कारण तिला ते पूर्ण लावायचं नाहीये, पण आत यायचं धाडसही होत नाही. आणि डाग. त्या उंच पोराचा हात तिथे कधी गेला ते मला दाखवायचं नव्हतं. बघणाऱ्याला जाता जाता तो हिरवा ठिपका दिसावा आणि बाकीचं त्याचं त्यानं ओळखावं, एवढंच. कंटिन्युइटीवाली मुलगी झोपली नव्हती गं. ती तर यावरून माझ्याशी कडाकडा भांडली होती.

हे मी तुझ्या स्टुलाशेजारी बसून शिकलो. तूच सांगायचीस की दोन तुकड्यांच्या मधे काय झालं ते माणसं विसरतात, वस्तू विसरत नाहीत. जगात कुणाला कळो न कळो, आत्याला पहिल्या फटक्यात कळेल, या भरवशावर होतो.

ते साधे टेक निर्मात्याच्या हट्टानं घेऊन ठेवले होते. वीस तारखेला निगेटिव्ह कापायला लॅबमध्ये जाईल. एकदा कापली की चित्रपट जसा असेल तसा कायमचा.

पण खरं सांगू? दोन दिवस मी कात्रीकाकांना काही बोललोच नाही. चित्रपट असा बिनचूक राहिला तर बाबा गल्ली घेऊन येतील, टाळ्या वाजवतील, कुलूपवाल्याच्या पाठीवर थाप मारून सांगतील की हा माझा मुलगा. मूळचा लावला तर त्या गल्लीतल्या एखाद्याला तरी डाग दिसेल आणि तो अंधारात बाबांकडे वळून बघेल. मला ते वळून बघणं आत्तापासून दिसतंय. राहू दे असाच. नकळत तू मला वाचवलंस म्हणायचं.

रागावलीस तर कान पिळ, पण धरलेला सोडू नकोस.

तुझा,
शेपूट


१२ फेब्रुवारी

चि. शेपटास,
अ. उ. आशीर्वाद.

वाचवलं वगैरे उपकार माझ्या नावावर घालू नकोस. मी काय केलं ते मला माहीत आहे. तुझ्या कामात तुला न विचारता हात घातला. स्टुडिओत माझ्या टिपणांना कुणी असा हात लावला असता तर मी त्याला उभा राहू दिला नसता.

तुझं पत्र आल्यावर टेप पुन्हा लावली. या वेळी आवाज मोठा आणि पेन्सिल दुसऱ्या खोलीत. डाग आला तेव्हा माझाच हात माझ्या मानेवर गेला. बराच वेळ तिथेच होता. शर्टाचं बरोबर आहे. बुटका त्याच्या बाह्या दुमडत नाही, लोंबू देतो, ते तर फारच बरोबर आहे. दार सगळ्यांत चांगलं. तुझी आई असती तर तिनंही नेमकं तेवढंच उघडं ठेवलं असतं. पाणी मात्र मला पटलं नाही. ज्याला डाग दिसला त्याला पाण्याची गरज नाही, आणि ज्याला दिसला नाही त्याला तू कोपरानं ढोसतोयस. प्रेक्षक इतका बावळट नसतो, मी सोडून.

आता मुद्द्याचं. कात्रीला मी उलटा फोन करणार नाही. एकदा परस्पर केला तेवढा पुरे. मूळचे टेक परत बसवायचे की नाही ते तू ठरव आणि तूच त्याला सांग. पण ठरवायच्या आधी दोन गोष्टी ऐकून घे.

पहिली: कुणालाच काही कळू नये असं होतं तर एवढी वर्षं कशासाठी झिजलास? कठडे रंगवणं दाखवायला?

दुसरी: बापाला कळावं म्हणून पडद्यावर डाग लावून ठेवायचा, त्याला भर गल्लीच्या मधोमध बसवायचं आणि अंधारात त्याचं तोंड न्याहाळायचं, हे मला अजिबात चालणार नाही. त्याला बातमी कुलूपवाल्याच्या नजरेतून कळता कामा नये. चित्रपटात आडून बोल, ती तुझी कला आहे. बापाशी समोर बसून बोल.

तू मला अजून काही सांगितलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. कॅमेरा त्या पोराच्या मानेकडे ज्या सबुरीनं बघतो ती सबुरी पगारावर मिळत नाही, इतकं मला नोकरीत कळलं आहे. तुझ्या कॅमेरावाल्याला सांग, काम चांगलं आहे.

भित्र्या भाच्यावरसुद्धा माझा जीव आहे, पण धीट असलास तर मला सोपं जाईल.

तुझी,
आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ठरवलं. कात्रीकाकांना मूळचे टेक परत बसवायला सांगितलं. ते बिचारे तुला घाबरून इतके कासावीस झाले की तुझी परवानगी आहे असं मला शपथेवर सांगावं लागलं. पाणी दोन ठिकाणी काढलं. तू म्हणालीस म्हणून नाही हं. बरं, तू म्हणालीस म्हणूनच.

आणि रविवारी दुकान बंद असताना बाबांकडे गेलो. ते एका चष्म्यात काच बसवत होते. मी सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं, बसलो असतो तर जमलं नसतं. चित्रपटात काय आहे ते सांगितलं आणि तो माझ्यावरूनच आहे तेही. माझ्या खोलीत राहणारा कॅमेरावाला हा नुसता भाडं वाटून घेणारा दोस्त नाही, तीन वर्षं आम्ही एकमेकांचे आहोत, पुढेही राहणार आहोत, हे सांगितलं. बाबांनी काच बसवली, काढली, पुन्हा बसवली. ताईला माहीत आहे का, एवढं विचारलं. मी म्हटलं, मी सांगितलं नाही, तिनं ओळखलं. मग म्हणाले, बोलण्याच्या नादात काचेला चरा जाईल, तू आता घरी जा.

कुठलं घर, ते मला विचारता आलं नाही. त्यांचं, की आमची खोली? मी खोलीवर आलो. त्यानंतर फोन नाही. त्या रात्री रविवारचा नेहमीचा फोनही आला नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

कॅमेरावाल्याला तुझं वाक्य दाखवलं. गडी उठला आणि त्यानं सगळी भांडी घासून टाकली, घासलेलीसुद्धा.

मला बरं वाटत नाहीये, पण हलकं वाटतंय. एवढ्यावर माझी बाजू धरशील ना?

तुझा,
शेपूट


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू मला पास म्हणून कळवलंस! तुझ्या जिभेवर विसंबून मी उरल्यासुरल्या लोकांनाही बोलावून बसलो. कुलूपवाल्यानं त्या दिवसासाठी नवे बूट घेतलेत. औषधवाली बहिणीला आणणार आहे. आता या सगळ्यांना काय सांगू? मला ताप भरल्याचं सांगणार आहे. मी येणार नाही.

मी पोरावर चिडलोय का, ते मलाच कळत नाही. चिडलो असतो तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं. मला सारखं आठवतं ते वेगळंच. तीन वर्षं मी दर रविवारी फोन करतोय आणि अर्ध्या वेळा तोच दुसरा उचलायचा. काका, तो आंघोळीला गेलाय, काका, तो खाली गेलाय, तुमचा खोकला कसा आहे. मी त्याच्याशी ऊन-पाऊस बोलायचो. बोलायला बरा वाटायचा. पण तो दिसतो कसा, ते मला ठाऊक नाही. पोरानं त्याला कधी घरी आणलाच नाही. मी त्याला उंबऱ्यावरून हाकलला असता, असं वाटलं असेल त्याला? तू सांग, मी तसा आहे का?

दिवसभर लोकांची नजर तपासतो आणि घरातलं मला दिसलं नाही. गल्लीतले हेच म्हणणार.

तू थोरली आहेस, दोन शब्द लिही. टोचले तरी चालतील.

तुझा,
धाकटा


२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आशीर्वाद.

पास म्हटलं ते आवाज बंद करून पाहिलं म्हणून, ही माझी चूक. आता आवाज लावून पाहिला आहे आणि तरीही सांगते: पास. पहिल्यापेक्षा वरच्या वर्गात.

ताप भरल्याचं सोंग काढू नकोस. शाळेतसुद्धा तुला ते साधत नव्हतं, कपाळ गरम करायला दिव्याला टेकलास आणि भुवई जाळून घेतलीस. बूट घेतलेल्या माणसाला बोलावून परत पाठवायचं नसतं. लोकांना डाग दिसला तर दिसेल. ते तुझ्याकडे वळून बघतील तेव्हा तू पडद्याकडे बघत असलास, तर तेही पुन्हा पडद्याकडे बघतील. माणसं अशीच असतात, तुला गल्लीत चाळीस वर्षं झाली, मला विचारू नकोस.

तू तसा आहेस का, असं विचारलंस. तू तसा नाहीस. पण त्याला ते कळावं असं तू काय केलंस ते आठवून बघ. मला तरी आठवलं नाही. आणि रविवारी त्याला तू घरी जा म्हणालास. ते घरी ये होतं की चालता हो, हे त्या पोराला कळलेलं नाही. हे तुझं तू निस्तर, मी मधे पडणार नाही.

बुधवारी दुपारी कात्रीच्या खोलीत मशीन मोकळं आहे. त्याच्याकडची प्रत एकट्यानं बसून बघ. पोराची परवानगी घेतली आहे, आता मी सगळं विचारून करते.

भुवई पुन्हा उगवली, हेही उगवेल. माया तीच, टोचणी थोडी जास्त.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघून आलो. तो डाग मला दिसलाच नाही. कात्रीनं मागे नेऊन बोट ठेवून दाखवला, मग दिसला. शर्टाचं मात्र मला आपोआप कळलं. आईनं दार उघडलं तिथे मी कात्रीला जरा थांब म्हणालो. तो शहाणा माणूस, पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

एक गोष्ट तू लिहिली नव्हतीस. त्या चित्रपटात बाप एकदाच येतो. लांब, कठड्याच्या पलीकडे उभा, आणि इतका धूसर की नाक-डोळे कळत नाहीत. बाकी पानंफुलं स्वच्छ, बापच तेवढा धूसर. कात्री म्हणाला, ते मुद्दाम केलेलं असतं. ते मलाही समजलं, एवढाही मी ठोंब्या नाही.

ताई, धूसर दिसणं हा माझा धंदा आहे. माणूस धूसर दिसतो तो दोनच कारणांनी. तो फार लांब उभा असतो, नाहीतर बघणाऱ्याच्या नजरेत दोष असतो. मी लांब उभा राहिलो हे कबूल करायला मला थोडा वेळ लागेल. तोवर नजर तपासून घेतो. त्या कॅमेरावाल्याला दुकानात पाठव. खेळ झाल्यावर, पुढच्या आठवड्यात, कधीही. आणि तूही येऊन बस, नाहीतर आम्ही दोघं ऊन-पाऊसच बोलत राहू.

काल खोलीवर फोन केला. पोरानंच उचलला. मी म्हटलं, मी घरी जा म्हणालो होतो, तू आलाच नाहीस, ताट वाढून ठेवलं होतं. पुढचं मला लिहिता येत नाही.

गल्ली येणार आहे. मीही येतोय. ओरडायचं राहिलं असेल तर तिथे ओरड.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

चि. शेपटास,
अ. उ. आशीर्वाद.

चित्रपट घेऊन तू गावोगाव हिंडतो आहेस, तेव्हा इकडची बातमी मीच द्यायला हवी. खेळानंतर गडबडीत तू निघून गेलास म्हणून तुला हे ठाऊक नसेल: बाहेर आल्यावर कुलूपवाल्यानं तुझ्या बापाला विचारलं, की ती पोरं पुढे एकमेकांना भेटली का. तुझा बाप म्हणाला, भेटली, मला खात्रीनं माहीत आहे. औषधवाली गल्लीपर्यंत त्याच्याबरोबर चालत आली, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे. दोन गिऱ्हाइकं मात्र त्या दिवसापासून दुकानासमोरून मान वळवून जातात. तुझा बाप त्यांना हाक मारून खोकला कसा आहे विचारतो.

मंगळवारी तुझा कॅमेरावाला आला. एकटाच आला, हे मी त्याच्या बाजूनं मोजते. केस इतके चापून बसवले होते की मला हसू दाबावं लागलं. धाकट्यानं त्याला सरळ खुर्चीत बसवलं, हनुवटी मशीनवर टेकवायला लावली आणि दिवे मालवले. मग दोघंही मशीनच्या आड गेल्यावर बोलायला लागले. वरची ओळ वाच. वाचली. आता खालची. हल्ली खोलीवर स्वयंपाक कोण करतं? तो म्हणाला, मी, त्याला साधं पाणी उकळता येत नाही. धाकटा म्हणाला, ते त्याच्या आत्याकडून आलंय. मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. डावा डोळा झाक. उजवा झाक. त्याच्या आईवडलांना माहीत आहे का? माहीत आहे, ते बोलत नाहीत. धाकट्याचा हात काचांच्या पेटीवर थांबला. मग म्हणाला, आता ही काच बघ, आधीच्यापेक्षा बरं दिसतं का. तो म्हणाला, हो काका, बरंच बरं.

आणि गंमत ऐक. पोराच्या डाव्या डोळ्यात खरंच दोष निघाला. जन्मभर उजव्या डोळ्यानं कॅमेऱ्यात बघितलं, डावा मिटलेला, त्याला पत्ताच नाही. तुझ्या बापाला इतका आनंद झालेला मी खेळाच्या दिवशीही पाहिला नव्हता. मी म्हटलंच होतं, असं त्यानं मला चार वेळा ऐकवलं. चार नाही, पाच.

तिकडे उन्हात हिंडू नकोस, आणि तुझा चित्रपट बघून कुणी कंटिन्युइटीच्या चुका काढल्या तर नम्रपणे ऐकून घे. ती बाई वाईट नसेल. तू परत आलास की तिघं मिळून माझ्याकडे या, तेवढा हट्ट माझ्या वयाला शोभतो.

तुझी,
आत्या

ता. क. सवय जात नाही, म्हणून नोंद करून ठेवते. आज दुपारी दुकानात, माझ्यासमोर, तुझ्या बापानं तुझ्या कॅमेरावाल्याच्या हाती दिलं ते असं: चष्मा एक, फ्रेम तपकिरी, डावी काच अर्ध्या नंबराची, उजवी साधी. डबी एक. पुसायचं मऊ कापड एक. तयार चष्म्याच्या पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव घालायची दुकानात रीत आहे. नाव घातलेलं नाही. तुझ्या आणि माझ्या पाकिटावर असतं तेच तिथे लिहिलं आहे: घरचा.